भाऊजींचा स्वेटर धुतल्याबद्दल

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, त्यातून तू लिफ्टला घाबरणारी. इकडे सगळे मजेत आहेत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं तर मी, तुझी भावजय आणि तू आमच्या हवाली केलेला कुत्रा, तिघांपैकी मजेत कोणीच नाही, आणि चूक माझी आहे.

कुत्रा हळवा आहे हे तू सांगितलं होतंस, पण किती हळवा ते सांगितलं नव्हतंस. (सांगितलं असतंस तरी घेतलाच असता. लेकीच्या इमारतीत कुत्र्यांना मज्जाव, मग तो जाणार कुठे?) कुणी आवाज चढवला की हा भिंतीकडे तोंड करून बसतो. ‘जेव रे’ म्हटलं तर ताटलीकडे बघत नाही, ‘जेवता का’ म्हटलं तर उठतो. म्हणून तुझी भावजय त्याला जावईबापू म्हणते. त्याच्यापायी आम्ही नवराबायको कुजबुजत भांडायला लागलो, आणि कुजबुजत भांडण्यात काही राम नसतो, मधेच हसू येतं. दिवसभर तो लाँड्रीच्या काउंटरखाली, तू सोबत दिलेल्या भाऊजींच्या जुन्या स्वेटरवर पडून असायचा आणि गिऱ्हाईक आलं की शेपटी आपटून दाद द्यायचा. थोडक्यात, आमचं बरं चाललं होतं.

आता तो स्वेटर. कोपराला ठिगळ, बाहीवर चहाचा डाग, आणि भाऊजी गुडघ्यांना चोळायचे त्या बामचा असा वास की गिऱ्हाइकं नाक मुरडायची. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. डाग दिसला की माझे हात शिवशिवतात. (कुणाकडे जेवायला गेलो तरी माझं लक्ष यजमानांच्या बाहीकडे.) वाटलं, जावईबापूंची जरा सरबराई करावी. ताई, तो स्वेटर मी असा धुतला की दुकान काढल्यापासून दुसरं काही तसं धुतलं नसेल. डाग गेला, बाम गेला, लोकर नव्यासारखी फुलली. घडी घालून काउंटरखाली ठेवला आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. त्यानं हुंगला. पुन्हा हुंगला. माझ्याकडे बघितलं, आणि उठून दाराशी जाऊन बसला.

तिथून त्याचं वागणंच पालटलं. कुणी मळक्या कपड्यांचं गाठोडं आणून टाकलं की हा ते सोडतो. एक सदरा हुंगायचा, बाजूला सारायचा, मग पुढचा. फाडत नाही, चावत नाही, आणि धुतलेल्या कपड्यांकडे तर ढुंकूनही बघत नाही. मला वाटलं, धंदा शिकतोय! (चार लोकांत फुशारकीही मारून झाली.) मग एक दिवस समोरच्या वकिलांचा कोट फुटपाथवर पसरून हुंगताना सापडला. वकील माझ्यावर ओरडले, आणि भिंतीकडे तोंड करून बसला तो. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, कडू औषध दिलं. बिचारा तेही निमूट प्यायला. शेवटी तुझी भावजय बोलली, आणि कुजबुजत नव्हे. “अहो, तो शोधतोय त्यांना. उरले होते तेवढे तुम्ही धुऊन टाकलेत.”

ताई, माझ्या हातून आजवर पुष्कळांचे रंग उतरले, बटणं तुटली, सगळ्यांची भरपाई करून दिली. याची भरपाई कशी करायची ते मला कळत नाही. तसलाच बाम आणून स्वेटरला चोळला. (चहाही सांडला, बरोबर त्याच जागी.) जावईबापूंनी मान राखण्यापुरतं हुंगलं आणि परत दाराशी गेले. मला फार वाईट वाटतंय गं.

लेकीला आशीर्वाद. जिन्यात कठडा धरत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राचं कारण राहूनच गेलं. भाऊजींचं न धुतलेलं काही तुझ्याजवळ असलं, टोपी, मफलर, काहीही, तर पाठव. पिशवीचं तोंड घट्ट बांध. मी हात लावणार नाही.

आणखी ता. क. तुझ्या भावजयीनं पत्र वाचून कपाळाला हात लावला. म्हणते, असं काही असेलच तर ते ताईंच्या उशाशी असेल, ते मागायला तुमची जीभ कशी रेटली? ताई, असलं तर पाठवू नकोस. तुझ्याजवळच राहू दे. लेकीच्या मशीनपासून सांभाळ.

अगदी शेवटचं. पत्ता बघायला तुझं मागचं पत्र काढलं, तर जावईबापू दारातून उठून आले. आता त्यावर हनुवटी टेकून पडलेत, देत नाहीत. पत्ता आठवून लिहितोय. पोचलं तर तूच ये. आंघोळ करून आलीस तरी चालेल.