पाठमोरा

३ जून
मनोरुग्णालयात चित्रवर्ग घ्यायची नोकरी आज सुरू झाली. खोली हवी होती तशीच मिळाली: भरपूर उजेड, दोन लांब टेबलं, ब्रश धुवायला कोपऱ्यात मोरी. डॉक्टर म्हणाले, यांना तोंडाने सांगता येत नाही ते हातातून उतरू द्या, चांगलं-वाईट ठरवू नका. घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

९ जून
डोळे मिटल्यावर दिसतं ते काढा, असं सांगितलं. शिवणकाम करणाऱ्या मावशी कित्येक वर्षं बोललेल्या नाहीत. त्यांनी पाठमोरा बसलेला माणूस काढला, हात इतके लांब की बसल्या जागी जमिनीवर पसरलेले. निवृत्त बसचालक दुसऱ्या वॉर्डातले, मावशींना ओळखतही नाहीत. त्यांनीही तोच काढला. डॉक्टर म्हणाले, मनाच्या तळाशी सगळ्यांची चित्रं सारखीच असतात. पटलं.

१७ जून
मावशींच्या चित्रात तो आज वळलेला. त्यांनी चेहरा पुरा केला, कागद माझ्या हातात दिला आणि बोलल्या, "गेला बाई एकदाचा. आता मी घरी जाते."
डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. त्यांना चित्र दाखवलं नाही. त्या चेहऱ्याबद्दल इथेही लिहिणार नाही.

२५ जून
बसचालकही बरे होऊन घरी गेले. त्यांनी काढलेला चेहराही आधी मीच पाहिला.
वर्गातल्या रिकाम्या खुर्चीत कुणीतरी पाठ करून बसतं. भर दुपारी. बाकी कुणाला दिसत नाही.

२८ जून
मावशींचं चित्र फाडलं. संध्याकाळी त्यांचा भाऊ त्यांना धरून घेऊन आला, किंचाळत होत्या. मी तुकडे जुळवून चिकटवले, तशा शांत झाल्या. भाऊ हात जोडून रडला.
म्हणजे जपायचंच. मीच.

१ जुलै
ताईचा फोन. म्हणाली, आवाज तुझा वाटत नाही, उद्या येते. येऊ नको म्हटलं. ऐकेल तर ताई कसली.

२ जुलै
मीही काढला त्याला. पाठ, हात. चेहरा काढला की सुटेन. पण तो आधी जिच्या नजरेस पडेल, ती — नाही. ताई नाही.
ब्रश मोडून टाकला.

ताई जिन्यात. हाका मारतेय —
डाव्या हाताने लिहितेय. उजवा ऐकत नाही. बोटांनीच रंगवतोय. डोळे झाले —
कडी लावायची राहिली. ताई, आत आलीस तर कागदाकडे