आतून लागणारी कडी

नाना, तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा फोनवर हवापाणी आणि तब्येत यापलीकडे आपली गाडी कधी गेली नाही. सून सासऱ्याशी आणखी काय बोलणार? त्यात जे खरोखर बोलण्यासारखं होतं, ते दोघांनीही तोंडातून काढायचं नाही असं आपलं ठरलेलं, तेही एकमेकांना न सांगता. आता तुम्ही नाही, मीही नवी सून राहिले नाही, केस पांढरे झालेत. तेव्हा म्हटलं, लिहायला हरकत नाही.

सासूबाई गेल्या, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही आमच्याकडे जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखला आलात. तुम्ही शाळेत जन्मभर भूगोल शिकवलात. दरवर्षी फळ्यावर खडूने खचदरी काढायचात: मधून ऱ्हाईन नदी, एका अंगाला ब्लॅक फॉरेस्ट, दुसऱ्या अंगाला व्हॉसजेस, दोन गट पर्वत आणि मधली खाली खचलेली जमीन. तुमचा मुलगा त्याच वर्गात बसून ते शिकला. इथे नोकरी लागल्यापासून त्याच्या मनात एकच, की आपल्या वडिलांना ती खचदरी डोळ्यांनी दाखवायची. तुमचा व्हिसा व्हायच्या आधीच त्याने नकाशावर खुणा करून ठेवल्या होत्या.

आणि पहिल्याच आठवड्यात माशी शिंकली. त्याच्या मित्राकडे लुडविग्सहाफेनला निघालो आणि ऑटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, श्टाऊत, गाड्यांच्या कोंडीत अडकलो. पुढे ट्रक, मागे ट्रक, कोणी हलत नाही. मी आरशातून पाहत होते. तुम्ही गुडघे जुळवून, डोळे मिटून बसला होतात आणि कपाळावर घाम. मी विचारलं, तर म्हणालात, ‘काही नाही, झोप येते आहे.’ पोचल्यावर सगळ्यांच्या शेवटी उतरलात, कोट हातावर घेऊन, तो पुढे धरून. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी बाल्कनीत तुमची पँट वाळत होती. सासूबाई होत्या तोवर स्वतःचा रुमालही न धुणारे तुम्ही. तुमच्या खोलीच्या खिडकीत गोळ्यांची पट्टी होती, तशाच गोळ्या माझे वडील घ्यायचे. प्रोस्टेटची. मग मला सगळं कळलं.

तुमच्या मुलाला मात्र कळलं नाही. त्यानंतर तो म्हणे, खचदरी बघायला जाऊ, तुम्ही म्हणायचात, पाय दुखतात. तो म्हणे, निदान कोलोनला रेल्वेने जाऊ, तुम्ही म्हणायचात, चर्च सगळी सारखीच. घराबाहेर पडायचं म्हटलं की पाण्याचा पेला बाजूला सारायचात. एका रविवारी जेवताना त्याचा तोल गेला. ‘घरातच बसायचं होतं तर इतक्या लांब आलात कशाला?’ तुम्ही आमटी संपवलीत, ताट उचललंत आणि खोलीत गेलात. तो माझ्याकडे बघून म्हणाला, नानांना माझं काहीच आवडत नाही. मला दोघांचीही कीव आली आणि दोघांचा रागही आला.

त्याला सांगून टाकावं असं वाटलं होतं. पण मी ओळखते ना त्याला. प्रेमापोटीच त्याने या गोष्टीचा गावभर गाजावाजा केला असता, डॉक्टरची टेर्मीन म्हणजे वेळ घेणं, डायपर, सगळं तुमच्या तोंडावर, जेवणाच्या टेबलाशी. आणि तुम्ही मिळेल त्या विमानाने परत गेला असतात. म्हणून मी एक दिवस जाहीर केलं की माझ्या ऑफिसातले सगळे कॅम्पिंगला जातात, आपणही जायचं, आणि तेही हॉटेलवर खर्च न करता. घरांना रंग देणाऱ्या एका माणसाची जुनी व्हॅन विकायला होती. मागे माणसं बसवायची एक रांग, तिच्यामागे डबे ठेवायची मोकळी जागा, पत्र्यावर पिवळ्या रंगाचे ओघळ. ती मी घेतली. तुमचा मुलगा हसला, पण अडवलं नाही. गाड्यांच्या सीटा सरकवायच्या यंत्रणा करण्यात माझी नोकरी चाललेली, त्यामुळे त्याला वाटलं, हिला हौस आहे.

श्पेरम्यूलच्या दिवशी इथे लोक नको झालेलं सामान रस्त्यावर मांडून ठेवतात. तिथून मी एका पलंगाच्या पट्ट्या उचलल्या, एक कपाटाचं दार उचललं. गादी फोमची, कापून बसवलेली. खिडक्यांना चंदेरी चटईचे तुकडे. स्वयंपाकाला दोन बर्नरची शेगडी आणि फळांची लाकडी खोकी, त्यांत डबे. सगळं पट्ट्यांनी आवळलेलं, गाडीच्या पत्र्यात स्क्रू एकही नाही, कारण कायमचं काही बसवलं की गाडीच्या तपासणीत नवी कटकट, आणि नुसतं बांधलं की ते सामान. शेजारची बाई ड्रिल द्यायला आली ती बघतच राहिली. सगळे जण आधी पलंग करतात, मग शेगडी. मी आधी कोपऱ्यात संडास उभा करत होते. ‘मी तर झाडामागे जाते,’ म्हणाली. मी म्हटलं, मला नाही जमत.

त्या कपाटाच्या दाराचा आडोसा झाला. आत झाकणाची बादली, तिच्यावर सीट, शेजारी लाकडाचा भुसा. नळ असलेला पाण्याचा कॅन उंचावर बांधला, खाली तांब्या, कारण कागदावर भागवणारी माणसं आपण नव्हे. उठताना धरायला एक दांडी. आणि कडी. ती मी आतल्या बाजूने बसवली.

तुम्ही गाडी बघायला खाली उतरलात तेव्हा मी म्हटलं, हे छोटीसाठी केलंय. तुमची नात चार वर्षांची, मराठी सगळं समजायचं, बोलायची जर्मन. ती लगेच कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘इश ब्राउख दास निश्ट!’ मला नको आहे हे, असं सरळ. माझा चेहरा पडला असणार. मी घाईने म्हटलं, म्हणजे माझ्यासाठीच हो नाना, मला प्रवासात फार वेळा जावं लागतं. तुम्ही तिच्याकडे पाहिलं नाहीत, माझ्याकडेही नाही. दार उघडलंत, दांडी धरून पाहिलीत, कडी दोनदा सरकवून बघितलीत.

‘आतून घट्ट बसते?’

‘बसते, नाना.’

‘मग जाऊ या,’ म्हणालात. ‘तुमची सोय झाली म्हणजे झालं.’

मी गॅरेजच्या मागे जाऊन थोडी रडले. फार नाही. इतके दिवस छातीवर धोंडा होता तो उतरला, एवढंच.

त्या प्रवासात मी जेवढी बोलणी खाल्ली तेवढी लग्नात सासरच्यांचीही खाल्ली नव्हती. थोडं अंतर गेलं की मी म्हणायचे, थांबव, मला जायचंय. तो म्हणायचा, ‘अगं, आत्ताच तर थांबलो होतो. घरी गेल्यावर डॉक्टरची टेर्मीन घे एकदा.’ मी आत जायचे, कडी लावायचे, दांडीला धरून उगीच उभी राहायचे आणि थोडं पाणी ओतायचे. बाहेर आले की तुम्ही सावकाश म्हणायचात, ‘आता थांबलोच आहोत, तर मीही जाऊन येतो.’ प्रत्येक वेळी हेच वाक्य, अगदी त्याच सुरात, हजेरी घ्यावी तसं. तुमच्या मुलाला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. इंजिनिअर लोकांचं असंच असतं, मीही त्यांतलीच, म्हणून सांगते.

रात्री तुम्ही आणि छोटी गाडीत, आम्ही फ्लोमार्क्टमधून, जुन्या बाजारातून, आणलेल्या तंबूत. सकाळी ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला गाडी लावली आणि मागचं दार उघडलं. खाली सपाट हिरवी जमीन, मधे नदीची चकाकी, आणि पलीकडे निळसर व्हॉसजेस. तुम्ही नातीला पुढे घेता, दोन्ही हात उंच करता, हा एक डोंगर, हा दुसरा, आणि मधली जमीन खाली गेली, असं म्हणत स्वतःच गुडघ्यांत वाकता. ती म्हणते, ‘नोखमाल!’ पुन्हा कर. तुम्ही पुन्हा करता. तुमचा मुलगा माझ्या बाजूला उभा आहे, त्याच्या हातातला कॅमेरा तसाच खाली लोंबतो आहे. मी शेगडीवर चहा ठेवते. तुम्ही एक कप घेता आणि रिकामा कप माझ्यापुढे धरता. ‘आणखी आहे का, सूनबाई?’ त्या उन्हाळ्यात घराबाहेर तुम्ही काही प्यायला मागितलेलं ते पहिलंच. मी पातेलं पूर्ण ओतलं.

परत जाताना विमानतळावर मी तुमच्या पाया पडले. तुम्ही नेहमीसारखं ‘सुखी राहा’ म्हणालात. मग मुलाला थोडं बाजूला घेतलंत, पण मला ऐकू यावं इतपतच. ‘ती म्हणेल तिथे गाडी थांबवत जा. कारण विचारत बसू नकोस. आणि हसूही नकोस.’ तो मान हलवून हो म्हणाला, त्याला वाटलं, वडील सुनेची काळजी करतात.

त्यानंतर आपली भेट झाली ती दवाखान्यातच, आणि तिथेही आपण हवापाण्यावरच बोललो. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तुमच्या मुलालाही दाखवायचं नाही. तुम्ही जे झाकलंत ते मी का उघडू? अजूनही पाहुणे आले की तो सांगतो, माझ्या बायकोला गाडीत तासभर दम निघत नाही, वडिलांनी मला बजावून ठेवलंय. मी हसते. एकच तुम्हाला सांगायचं होतं, नाना. गेल्या महिन्यापासून मला खरंच सारखं जावं लागतं. परवा ऑटोबानवर मी नुसतं ‘थांब’ म्हटलं, आणि त्याने काही न विचारता गाडी बाजूला घेतली.