कोळंबीचं व्हिटॅमिन

मिसिसिपी, १२ ऑगस्ट १९८४

ती. सौ. सुचित्राताईस,
नंदूचा सा. न. वि. वि.

लोणच्याची बाटली न फुटता पोचली. विवेकभावजींना सांग, कोळंबीची फर्माईश तूर्त कॅन्सल. कात टाकली की नवं कवच कडक व्हायच्या आतच ती मरते आहे. प्रयोग म्हणून निम्म्या टाक्यांच्या खाद्यात व्हिटॅमिन सी घालतो, निम्म्यांच्या नाही. मरते दोन्हीकडे सारखीच. गाइड म्हणतात, व्हिटॅमिनचा उपयोग नाही असं प्रबंधात लिही आणि डिसेंबरात डिग्री घे. म्हणजे जानेवारीत तुझ्या बाळंतपणाला मी एडिसनला हजर! आईला व्हिसा नाही मिळाला, तरी तू एकटी नाहीस.

तुझा,
नंदू

एडिसन, २० ऑगस्ट

चि. नंदूस,
अनेक आशीर्वाद.

आमच्या लॅबमध्ये बेबी फूड टेस्ट करतो, तेव्हा उष्णतेनं सर्वांत आधी व्हिटॅमिन सीच जातं. तुझं खाद्य पत्र्याच्या शेडमध्ये असतं ना? एकदा तपासून घे. हे लिहूच नये असं फार वाटलं. तू यायला हवा आहेस रे.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
ताई

मिसिसिपी, ९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तपासलं. खाद्यात व्हिटॅमिन उरलेलंच नव्हतं. सगळ्या टाक्या एकच खाद्य खात होत्या. गाइड म्हणाले, तळटीप टाक आणि संपव. मी नाही म्हटलं. इथले कोळंबीवाले आमचं संशोधन वाचून खाद्य घेतात. आता दर आठवड्याला ताजं बनवून फ्रिजमध्ये ठेवतो, पण सगळं पहिल्यापासून. जानेवारीत येणं जमणार नाही. रागाव, पण अबोला धरू नकोस.

तुझाच,
नंदू

एडिसन, २ ऑक्टोबर

चि. नंदूस,
अनेक आशीर्वाद.

रागावले, रडलेही. हे म्हणाले, तूच सुचवलंस आणि आता तूच रडतेस! शेजारच्या लताकाकू बाळंतपण करायला तयार आहेत, त्यामुळे काळजी नको. आईला मीच लिहिलंय, तुला बोलणी बसणार नाहीत. कोळंबी जगली की आधी मला कळव.

ताई

मिसिसिपी, १७ जानेवारी १९८५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावजींचा फोन आला तेव्हा मी टाकीपाशीच होतो. मुलगी! दोघी ठणठणीत आहात हे ऐकलं आणि परत टाकीपाशी आलो. त्याच टाकीत एका कोळंबीनं नुकतीच कात टाकली होती आणि ती आपलीच कात चवीनं खात होती. व्हिटॅमिनवाल्या टाक्यांत आता मरणं जवळजवळ थांबलंय. गाइडना दाखवलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, बहिणीकडे जाऊन ये, तोवर खाद्य मी घालतो.

बसचं तिकीट काढलंय. पत्राआधी बहुधा मीच पोचेन.

नंदू