मूठभर वाळा

शनिवार, १२ मे १९५६, वर्धा

मोटारीच्या खिडकीला लावलेला वाळ्याचा पडदा आज तळेगावच्या वाटेवर कधी गार वारा देई, कधी नुसती झळ. वर बांधलेल्या डब्यातलं पाणी तर त्यावर नीट ठिबकत होतं. मग बिघाड कुठे? घरी येऊन पडदा उतरवला. खालच्या कोपऱ्यातला मूठभर वाळा गायब!

आई म्हणाली, "मीच उपटला सकाळी. फाटकाजवळच्या आपल्या पाणपोईच्या रांजणात टाकला. पाण्याले काय वास येऊन राह्यला, लोक खूश!"

त्याच पडद्यावर काल मी मुंग्या मारायचं विष फवारलं होतं. मी घरात का नाही सांगितलं?

धावत जाऊन दगडानं रांजण फोडला. समोर एक बाई ओंजळ धरून उभी होती, ती किंचाळली. तिच्याआधी किती जण पिऊन गेले, देव जाणे.

"धरमाचा रांजण फोडला? काऊन रे?" आई मागून ओरडली.

विषाचं सांगितलं. ती वळून घराकडे चालू लागली.

"काही होत नाई. सकाळपासून मीच तर पिऊन राह्यली."

मूठभर वाळा! डॉक्टरांकडे माणूस धाडलाय. ती मात्र ऐकत नाही, स्वयंपाकघरात पोळ्या लाटते आहे. लाटणं जरा थांबलं की मी उठून बघून येतो.