फ्रिजमधल्या डब्यातले शेवटचे कागद

प्रिय दिनूकाका,

तुम्हाला कळायलाच पाहिजे म्हणून लिहितेय. तुमचा फोटोच्या कागदाचा शेवटचा डबा उघडला. दिवसाढवळ्या, किचनमध्ये, ट्यूबलाइटखाली! आणि मी तिथेच उभी होते.

तुम्ही गेलात त्याच्या नवव्या दिवशी इथल्या मराठी मंडळातले सगळे तुमच्या घरी जमले होते, तेराव्याला कोण काय करून आणणार ते ठरवायला. प्रमोदकाकांनी चहासाठी दूध काढायला फ्रिज उघडला, तर कोथिंबिरीखाली डबा. "दिनू पण ना, कागद फ्रिजमध्ये ठेवायचा," म्हणाले, आणि सगळे हसले. नऊ दिवसांत हसायला लागले, काका! मग त्यांनी आतली काळी पिशवी फाडली, तीन कागद काढले आणि यादी करायला बसले. चांगला जाड कागद आहे म्हणे, वाया कशाला घालवायचा?

डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, अंधारातच उघडा. प्रमोदकाका इंजिनिअर, त्यांची मिसेस डॉक्टर. त्या खोलीत शाळा सोडलेली मी एकटीच. आणि वाचलं कुणीच नाही!

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं, आवाजच आला नाही. तुम्हाला माहितीये माझं. शाळेत पण तसंच व्हायचं, उत्तर येत असायचं आणि इंग्लिश घशातच अडकायचं. पोरं हसायची. म्हणून तर सोडली आणि डेव्हन रस्त्यावरच्या देशी साड्यांच्या दुकानात घड्या घालायला लागले. पंधरा मिनिटांनी सगळे चहा घेऊन हॉलमध्ये गेले तेव्हा मी पिशवी बंद केली. तोपर्यंत यादीचा कागद जांभळट पडायला लागला होता. सुधामावशी, पुऱ्या. लीलाकाकू, खीर.

पण राग काय फक्त त्यांचाच आलाय? तुमचा पण आलाय.

कागदात चांदी असते, ती भडकली, कागद महाग झाला, मग दुकानवाल्याने ठेवायचंच बंद केलं, कारण सगळ्यांना कलर पाहिजे. सगळं मान्य. पण किती जपायचं ते! एका कागदाच्या आठ पट्ट्या कापायच्या आणि मला एक द्यायची. "किती उजेड द्यायचा ते आधी पट्टीवर बघ, शैले." दोन वर्षं मी पट्ट्यांवर शिकले. कुणाचा तरी कान. अर्धं नाक. बसचं एक चाक. अख्खा कागद कधी मिळणार विचारलं की, "चांगला फोटो येऊ दे, मग." कोण येणार होतं हो तुमच्या त्या चांगल्या फोटोत?

आणि तुमचा फोटो? सगळ्या मंडळाची बारशी, मुंजी, गणपती तुम्ही काढलेत, आणि तुमचा एकही नाही. मी काढला तेवढा सोडून. बेसमेंटमध्ये बाह्या वर करून तुम्ही प्रिंट धूत होतात, काकूंनी वरून काहीतरी टोमणा मारला आणि तुम्ही हसलात. मी न विचारता बटण दाबलं. केवढे ओरडलात! निगेटिव्हच्या पाकिटावर लिहून ठेवलंत, "शैलाने वाया घालवली."

वाया, काका?

प्रमोदकाका मॉलमध्ये जाऊन तुमच्या लायसन्सवरचा फोटो मोठा करून आणणार होते. त्यात तुम्ही चोरासारखे दिसता. म्हणून अकराव्या दिवशी मी काकूंना विचारलं, मी करू का? त्यांनी नुसती मान डोलावली.

बेसमेंटमध्ये तीच वाया गेलेली निगेटिव्ह लावली. पहिला कागद पूर्ण काळा आला. दुसरा पण. तिसरा पण, तेव्हा मी रडले. मग डोक्यात आलं, उजेड वरून शिरला तसा बाजूने पण शिरला असणार, खालच्या कागदांच्या फक्त कडा गेल्या असतील. चौथ्यावर तुम्हाला छोटं करून मधोमध घेतलं. पट्टी कापली नाही, अंदाजानेच केलं. चारी बाजूंनी काळं आणि मधे तुम्ही, हसताना.

तेराव्याला तोच फोटो ठेवला, हार घालून. प्रमोदकाका म्हणाले, "छान आलाय गं, पण कडा अशा जळल्यासारख्या का?"

भरल्या हॉलमध्ये मी म्हणाले, "तुम्ही डबा उघडलात म्हणून, काका. त्यावर लिहिलं होतं."

आवाज थरथरत होता, पण आला. बाबांनी डोळे वटारले. काकू म्हणाल्या, "बोलू दे तिला." मग मी सगळं सांगितलं. प्रमोदकाका हातातलं ताट खाली ठेवून फोटोपाशी जाऊन उभे राहिले.

आता तीन कागद उरलेत. ते मी जपून ठेवणार नाहीये, आधीच सांगते. रविवारी काकूंचा फोटो काढणार आणि अख्ख्या कागदावर करणार. मग आईचा. तिसरा कुणाचा ते अजून ठरलं नाही, पण या महिन्यातच. संपले की अजून कुठे मिळतात ते दुकानांत फोन करून विचारेन. हो, फोनवर, इंग्लिशमध्ये, मी स्वतः.

अजून रागावलेली,
तुमची शैला