धुऱ्यापलीकडे गेलेला उजेड

११ ऑक्टोबर
सकाळी शालिक आला. शाळेपासूनचा मित्र. शेडला लागून त्याच्या धानाची बांधी, मध्ये फक्त धुऱ्याचा बांध. चहा घेतला नाही. "तुमच्या दिव्यानं माहा धान निसवून नाही राहिला. तिकडच्या अंगाले लोंब आले. तुमच्या अंगाले नुसता हिरवागार."

शेड धाकट्या भावाचे, टेकचंदचे. रॅकवर स्ट्रॉबेरी, वर जांभळे एलईडी. शेतीची लाईन बहुतेक रात्रीच येते, म्हणून ऑगस्टपासून दिवेही रात्रभर. शालिकचे म्हणणे एवढेच की धुऱ्याच्या बाजूने ताडपत्री लावा. टेक म्हणाला, लावली तर हवा कोंडते, रोपे जळतात. मग वर, "धानाले डोरे असतेत का गा? झोप येऊन नाही राहिली का त्याले?"

मी हसलो.

शालिक जाताना म्हणाला, "तू पेपरात बातम्या लिहिणारा. कोणाले तरी विचारून तर पाय." विचारतो म्हटले.

१३ ऑक्टोबर
शेडचे धुऱ्याकडचे प्लास्टिक उभे फाडलेले. आत दगड. नऊ दिवे गेले, पट्ट्या वायरीला लोंबत होत्या. खालच्या दोन रॅक तुडवलेल्या. टेकने मोडक्या रॅकचा लोखंडी पाईप उचलला. "शालिकचा पोरगाच होय, नितेश." मी त्याला खाटेवर बसवले, पाणी दिले. पाईप त्याने खाली ठेवला नाही.

धानाचे विचारायला फोन करायचा राहिला.

१४ ऑक्टोबर
जसे घडले तसे.

आठच्या सुमारास शालिक आणि नितेश बांबू, ताडपत्री, दोर घेऊन धुऱ्यावर आले. आपल्या हाताने पडदा बांधू लागले. टेक धावला. "धुरा माहा आहे." लाथेने बांबू पाडला. शालिकने परत रोवला. परत पाडला. शालिक वाकला. टेकने पाईप हाणला, कानावर. आवाज ओल्या लाकडासारखा. शालिक बांधीत तोंडावर पडला. पाणी घोटाभर, लगेच तांबडे झाले. टेकने दुसऱ्यांदा पाईप उचलला. नितेशच्या हातात दोर कापायचा विळा होता.

टेकची उजव्या हाताची दोन बोटे. मी चिखलातून उचलली, रुमालात घेतली.

मी शेड आणि धुऱ्यामधल्या मोटारघराच्या, पंपाच्या खोलीच्या, दाराशी उभा होतो. वीस पावलांवर. सगळे दिसत होते.

गोंदियाला नेले. डॉक्टरांनी रुमाल उघडला, बंद केला. शालिकला पुढे नागपूरला पाठवले.

१५ ऑक्टोबर
दवाखान्यात टेक म्हणाला, "दादा, तक्रार तूच लिही. ते आले, त्यायनं कापलं. बस." त्याची बायको उर्मिला उशाशी. तिने पेन काढून दिला.

चार परिच्छेद. वीस मिनिटे लागली. पाईपचा उल्लेख नाही. पोलीस ठाण्यात जमादार वाचून म्हणाले, "वा. एक अक्षर बदलायचं काम नाही."

१८ ऑक्टोबर
नितेशला अटक, जामीन नाही. कलम जीव घेण्याच्या प्रयत्नाचे.

शालिकचे लवकर येणाऱ्या हलक्या धानाचे, कापून रचलेले पुंजणे जळाले. उरला तो बांधीतला उशिरा येणारा भारी धान, त्यातलाही शेडकडचा न निसवलेला. दुपारी उर्मिलाचा भाऊ जेवायला आला. उजव्या हातावरचे केस जळलेले. कोणी विचारले नाही. मीही वाढलेले खाल्ले.

संध्याकाळी शालिकची बायको अनुसया रस्त्यात आडवी आली. "तुमी पाहून राहिले होते ना, भाऊजी? मंग लिहिलं काऊन नाही?" ढेकूळ मारले. कपाळाला लागले. दुसरे हातात होते, ते मारले नाही.

२१ ऑक्टोबर
आज फोन केला. जुने ओळखीचे, धानाच्या संशोधनातून निवृत्त झालेले. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. धान भारी का? दिवे रात्री का? मग म्हणाले, "त्याला लांब रात्र लागते हो. उजेड पडत राहिला तर त्याला कळतच नाही निसवायची वेळ झाली ते. रस्त्याच्या दिव्याखालीसुद्धा होतं." सात मिनिटे. चाळीस वर्षे दोन बाजू विचारल्याशिवाय बातमी पाठवली नाही. ही तक्रार मात्र तशीच लिहून दिली.

२२ ऑक्टोबर
धुऱ्यावर गेलो. दिवे चौदा तारखेपासून बंदच. शालिकची बांधी शेडच्या बाजूने हिरवी, पलीकडे पिवळी पडू लागलेली. पण हिरव्याच्या मधोमध एक पट्टा निसवलेला आहे. धुऱ्याशी रुंद, पुढे निमुळता. मोटारघराच्या नेमका मागे. भिंतीने तेवढा उजेड अडवला. मोटारघराची सावली धानात उभी आहे. न शिकलेल्या माणसालाही दिसेल.

अकरा तारखेला शालिक हेच दाखवत असणार. मी मान वळवून पाहिले नव्हते.

२४ ऑक्टोबर
टेक घरी आला. दिव्यांचे आणि त्या पट्ट्याचे त्याला सांगितले. पाईपचेही पोलिसांना सांगणार म्हटले.

"मंग का माही बोटं परत येतीन?"

नाही येणार.

"नितेश सुटन, मी आत जाईन. हेच पायजे का तुले?"

पितळी गडू तोंडावर आला. डाव्या हाताने मारला तरी दात हलला. मोठ्या भावावर त्याने आजवर हात उचलला नव्हता. रक्त थुंकून मी तिथेच बसलो. उर्मिलाने हळद आणली, आधी त्याच्या पट्टीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

२६ ऑक्टोबर
शालिक परतला. डोक्याला पट्टी. धुऱ्यावर बसला होता. हाक मारली. दोनदा. उजवा कान गेला म्हणतात. मी उजव्या बाजूलाच होतो. दुसऱ्या बाजूने गेलो नाही.

नवा जबाब लिहून ठेवला आहे. दीड पान. पाईपसकट.

२७ ऑक्टोबर
आज अकराला जमादार जागेवर पंचनाम्याला येणार. कोर्टाने मागितला आहे. शालिक आणि अनुसया सकाळीच नितेशला भेटायला गोंदियाला गेली. बांधीवर कोणी नाही.

साडेनऊला धुऱ्यावर टेक दिसला. डाव्या हातात विळा. तो निसवलेला पट्टा कापत होता. चार धांडे तुटत होते, दहा वाकत होते. माझ्याकडे पाहून थांबला. घामाने भिजला होता. रडत असावा, सांगता येत नाही.

"दादा, जमादारले हा पट्टा दिसाले नाही पायजे. डाव्या हातानं नाही जमून राहिलं. तूच काप. तुह्यावर कोणी शंका नाही घेणार."

विळा माझ्या हातात दिला. दांडा गरम होता. मी घेतला. का घेतला, माहीत नाही. त्याच्या हातात राहू नये म्हणून, असे आत्ता लिहितो आहे.

दहा वाजून दहा. विळा टेबलावर, वहीशेजारी. खाली दीड पानाचा जबाब, सही बाकी. टेक दाराबाहेर उकिडवा बसला आहे. आत येत नाही, जातही नाही. मधून मधून विचारतो, "किती वाजले?"

सांगतो.