तिसऱ्या कमानीतला चुना

अब्बा, आज होडीतून तुमच्या कमानीखाली गेले आणि इतकी हरखले की हातातला हातोडा पाण्यात पडला. सांगलीचा कृष्णेवरचा जुना पूल, पुरात अख्खं गाव ज्याच्यावर पाण्याचे फूट मोजत बसतं तोच, त्याची दुरुस्ती निघाली आहे. दगडांमधले सांधे चुन्याने भरायचे की सिमेंटने, हे ठरवायला साताऱ्याच्या ऑफिसातून मला पाठवलंय. तिसऱ्या कमानीत तुमचा चुना अजून तसाच आहे! एवढे पूर गेले, तरी एक सांधा सुटलेला नाही. नावाडी माझ्याकडे बघून हसत होता, हसू दे.

मागच्या दुरुस्तीचा तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही गुळाचं पाणी घालून चुना मळताय. घमेल्यापर्यंत मुंगळ्यांची रांग लागली आहे. मी नुकताच डिप्लोमा घेऊन त्याच कामावर देखरेखीला आलेली, पायात नवे बूट. सगळ्या गवंड्यांसमोर म्हणते, "अब्बा, पूल दुरुस्त करताय का लाडू वळताय?" माणसं हसतात. तुम्ही चुना बोटांत चोळून बघता आणि मान वर न करता बोलता, "दगडापरीस सांधा नरम पायजे, बेटा. पानी आत शिरनारच. त्याला भाईर यायला वाट ठेवली न्हाई, तर दगड फुटतोय." मी ऐकलं नाही. चौथी कमान सिमेंटने भरून घेतली आणि वर तुमचा जमाना गेला, असंही सुनावलं. दुपारी तुम्ही डबा उघडला नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पुलावर आला नाहीत.

आज चौथी कमानही पाहिली. माझं सिमेंट टणक आहे आणि त्याच्या कडेचे दगड खपल्या निघाव्यात तसे सुटलेत. लाज वाटायला हवी होती, पण मला तर नाचावंसं वाटत होतं, कारण तुमचं अक्षर न् अक्षर खरं निघालं! काठावर आल्याबरोबर साहेबांना सांगितलं, चुनाच भरायचा, गुळाच्या पाण्यातला. का, ते तुमच्याच शब्दांत सांगितलं. साहेबांना पटलं, लगेच लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं की तिसरी कमान भरली कुणी होती. माझ्या वडिलांनी, असं ओठांवर आलं होतं. पण पुढचा प्रश्न चौथ्या कमानीचा आला असता.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून खरं ते लिहिते. मी म्हणाले, "असेल कुणी जुना गवंडी."